पार्वताबाई मिस्त्री

देवळीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा बसस्टँडच्या मागे मला एक खोली मिळाली. खोली ऐसपैस होती, उत्तरेकडून उजेड चांगला यायचा, तरी ती वर्षभर रिकामी पडून होती. कारण पहिल्याच सकाळी कळलं. खोलीची मागची भिंत गोविंदराव मिस्त्रींच्या गॅरेजची होती. साडेसहाला भिंतीपलीकडे कुणीतरी ट्रक असा काही रेस केला की खिडकीतला पाण्याचा ग्लास सरकत सरकत कडेला आला.

मी तक्रार करायला गेलो. गॅरेजच्या दारात कडुलिंबाखाली लोखंडी खुर्चीवर गोविंदराव बसले होते. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, काळी टोपी. मिस्त्री असून अंगावर तेलाचा एक ठिपका नव्हता. मी माझं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकलं, दोनदा मान हलवली आणि म्हणाले, "बरं. पाहू."

एवढ्यात ट्रकखालून बाईचा आवाज आला. "ह्यायचं म्हणणं असं हाये का मास्तर, आठच्या आंदी रेस नाई करनार."

मी वाकून पाहिलं. ट्रकखालून दोन पावलं बाहेर आली होती आणि बोटांत चांदीची जोडवी होती. गोविंदरावांनी तर असं काहीच म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून आठच्या आधी इंजिन सुरू झालं नाही, आणि पुढची बारा वर्षं मी ती खोली सोडली नाही.

त्या पार्वताबाई. गोविंदरावांच्या घरच्या. ठेंगण्या, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, वरून नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. गोविंदराव पूर्वी एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होते. वीस वर्षं इंजिनांच्या गदारोळात काढून त्यांचे कान गेले, म्हणून नोकरी सोडून त्यांनी हे गॅरेज काढलं. मी देवळीला गेलो तोवर त्यांना जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. इंजिनाचा मिस्त्री आणि ऐकू येत नाही, म्हणजे संपलंच. पण पार्वताबाई गॅरेज काढल्यापासून त्यांच्या हातात पाने देत बसलेल्या. त्यांचा बाप नाचणगावचा, पुलगावच्या एका जिनिंगमध्ये मशिनींना तेल द्यायचं काम करायचा. लहानपणी बापाचा डबा घेऊन जाताना लांबूनच त्यांना कळायचं म्हणे, आज कोणता पट्टा ढिला आहे. बापाला वाटायचं पोरगी गंमत करते. मग एकदा त्यानं जाऊन पाहिलं, तर पट्टा खरोखरच ढिला होता.

तर गॅरेजची रीत अशी पडली होती. गिऱ्हाईक यायचं, खुर्चीसमोर उभं राहून गाडीचं दुखणं सांगायचं. गोविंदराव मान हलवायचे, "बरं, पाहू" म्हणायचे. पार्वताबाई गाडी ऐकायच्या, हुंगायच्या, खाली शिरायच्या. मग मागे उभ्या राहून हातांनी खुणा करायच्या आणि गोविंदराव निदान जाहीर करायचे. खूण नीट पोचली नाही तर पार्वताबाई पुढे येऊन सांगायच्या, "ह्यायचं म्हणणं असं हाये का..." आणि पुढचं सगळं स्वतःचं सांगायच्या. बैलबंडीवाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळ्या देवळीला हे ठाऊक होतं. पण कुणी कधी तोंडातून काढलं नाही. गोविंदराव भला माणूस होता आणि गावानं त्यांची खुर्ची सांभाळली होती.

मी एकदा न राहवून पार्वताबाईंना विचारलं, "तुम्ही सरळ सांगत का नाही?"

"खुर्ची त्यायची हाये," त्या म्हणाल्या. "मी सांगतलं तर ट्रकवाला मले इचारन, तुले काऊन ठाऊक? मंग त्याले समजावू का गाडी पाहू?"

खुणांचा घोळ कधीकधी व्हायचा. एकदा एका सरकारी कचेरीची जीप आली. इंजिन तापतं अशी तक्रार होती. पार्वताबाईंनी पाहिलं, पंख्याचा पट्टा सैल झाला होता. त्यांनी मागे उभं राहून हात गोल फिरवला आणि मनगट सैल सोडून खाली पाडलं. गोविंदरावांनी गंभीर चेहऱ्यानं ड्रायव्हरला सांगितलं, "इंजिन खाली उतरवा लागते."

ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांना दुपारी दौऱ्यावर जायचं होतं. पार्वताबाई लगबगीनं पुढे आल्या. "ह्यायचं म्हणणं असं हाये का, इंजिन तसंच राहू द्या, पट्टा तेवढा ताना." मग नवऱ्याकडे वळून त्यांनी दोन्ही हातांनी पट्टा ताणल्याची खूण केली. गोविंदरावांना चूक समजली आणि तेच सगळ्यांत आधी हसले. खुर्चीवर बसून पोट धरधरून हसत राहिले. ड्रायव्हरही हसला आणि पार्वताबाई पदर तोंडाला लावून गॅरेजच्या आत गेल्या.

गाडीखाली डाग दिसला की त्या बोटावर तेल घ्यायच्या, चोळायच्या, नाकाशी न्यायच्या आणि सांगायच्या, हे गिअरचं, हे इंजिनाचं, हे ब्रेकचं. मग रॉकेल आणि राख घेऊन हात असे घासायच्या की त्याच हातांनी थापलेल्या भाकरीला कधी वास आला नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण दर आठवड्याला एकदोनदा त्या भिंतीपलीकडून भाकरी आणि ठेचा माझ्याकडे यायचा. गाडीत बसायला मात्र त्यांना आवडायचं नाही. माहेरी नाचणगावला जाताना एस.टी.त बसल्या की इंजिनाचा आवाज ऐकत राहायच्या आणि उतरेपर्यंत डोकं धरायचं. "पंगतीत बसलेल्या आचाऱ्यासारखं होते मले," असं म्हणायच्या.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे रिठ्याचा फेस. ते मला माझ्याच मोपेडवर कळलं. माझी मोपेड चालताना बरी चालायची, पण पाय टेकून उभं राहिलं की फडफडायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. वर्ध्याला दोघांनी प्लग बदलून दिले, एकानं कार्बोरेटर तीनदा खोलून बसवला. पार्वताबाईंनी काहीच खोललं नाही. मोपेड स्टँडवर लावून सुरू करायला सांगितली आणि मान तिरकी करून ऐकत राहिल्या.

"आंदी आयका, मंग खोला," त्या म्हणाल्या. "सगळे उलटं करतेत."

मग वाटीत भिजवलेल्या रिठ्याचा फेस केला आणि मला म्हणाल्या, "मास्तर, तुमचा एक ब्रश द्या बरं. बारका."

मी सहा नंबरचा ब्रश आणून दिला. त्यांनी कार्बोरेटरच्या खालच्या सांध्यावर ब्रशानं फेस लावला. एका कोपऱ्यात फेस आत ओढला गेला आणि तेवढ्या क्षणापुरतं फडफडणारं इंजिन एकसारखं चालू लागलं. फेस संपला, पुन्हा फडफड.

"हवा घेऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "तुमी पेट्रोल देता मापानं, अन् हे इथून चोरून हवा पेते. माप बिघडते." जाड कागदाचं पॅकिंग कापून त्यांनी सांध्यात बसवलं आणि मोपेड ठीक झाली. ब्रश काही परत आला नाही. पुढे दरवर्षी माझे दोनेक ब्रश त्या भिंतीपलीकडे जात राहिले.

आता ज्या गाडीमुळे ह्या रीतीत फरक पडला ती गोष्ट सांगतो. पंचाऐंशीच्या आसपासची. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले मेश्राम गुरुजी माझ्या ओळीतच, चार घरं पलीकडे राहायचे. त्यांचा मुलगा मिलिंद शेतीच्या अवजारांचं शिक्षण घ्यायला जपानला गेला होता. चार वर्षांनी परत आला तो तिथं वापरलेली एक गाडी घेऊनच. पांढरी, चार दारांची, लांबट. देवळीनं तशी गाडी पाहिली नव्हती. पण खरी गंमत बॉनेटखाली होती. त्या इंजिनात पिस्टन नव्हतेच. मिलिंद सांगायचा की आत तीन कोपऱ्यांचे दोन लोखंडी गोळे गरगर फिरतात, आणि बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या पंख्याला टर्बो म्हणतात. हे सांगताना त्याचे डोळे चमकायचे आणि ऐकणारे गुरुजींकडे बघायचे, पोरगा ठीक आहे ना म्हणून.

पहिलं वर्ष गाडी सुरेख चालली. मग वर्ध्याचा उन्हाळा आला आणि गाडी दोन महिने टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली. पावसाळ्यात बाहेर काढली तर ती उभ्या जागी थरथरू लागली. चालू असताना बॉनेटवरची धूळ नाचायची, मध्येच आचका देऊन बंद पडायची. खाली तेलाचा डाग, मागून निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास. मिलिंदनं ती कशीबशी नागपूरला नेली. तिथल्या एका मोठ्या गॅरेजनं सांगितलं की इंजिन गेलं आहे, याचे भाग इथं मिळत नाहीत, हे काढून टाका आणि जीपचं डिझेल इंजिन बसवा. तसं पुष्कळ लोक करतही होते. मिलिंद दोन दिवस जेवला नाही, असं त्याची आई सांगत होती.

आणि गुरुजींनी मनात एक धरून ठेवलं होतं. छप्पन साली धम्मदीक्षेला ते आणि त्यांच्या घरच्या देवळीहून वर्ध्याला पायी गेले होते आणि तिथून नागपूरपर्यंत रेल्वेत उभ्यानं. यंदा दसऱ्याला त्यांना मुलाच्या गाडीतून नागपूरला जायचं होतं. डिझेलच्या गाडीतून नाही, मुलानं आणलेल्या ह्याच गाडीतून. बोलून दाखवलं नाही, पण शेडमध्ये उभ्या गाडीवरची धूळ ते रोज स्वतः पुसायचे.

दसऱ्याला पंधरा दिवस होते तेव्हा मिलिंद गाडी घेऊन गॅरेजमध्ये आला. गुरुजी सोबत होते. आवाज ऐकून मीही गेलो. मिलिंदनं रीतीप्रमाणे खुर्चीसमोर उभं राहून सगळी हकीकत सांगितली. गोविंदराव उठले, बॉनेटखाली डोकावले. बराच वेळ पाहत राहिले. पार्वताबाई खालून पाहून बाहेर आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. त्यांनी कसलीच खूण केली नाही, नुसता रिकामा तळवा दाखवला. अजून काही समजलं नाही, असा त्याचा अर्थ.

एरवी गोविंदराव अशा वेळी "दोन दिवस ठेवा" म्हणायचे. त्या दिवशी ते मिलिंदकडे वळले.

"बेटा, मले दहा वर्षं झाले, आयकू येत नाई," ते म्हणाले. "मी इथं बसून जे सांगत आलो ते समदं हिचं हाये. दुसऱ्या गाड्याइले चालून गेलं. पण असं इंजिन मी जन्मात पाह्यलं नाई, अन् तुह्या बापापुढं मी खोटं नाई बोलनार. हिले इचार."

 बाजूला दोन ट्रकवाले चहा पीत होते, त्यांनी ग्लास खाली ठेवले. पार्वताबाई नवऱ्यासमोर येऊन भराभर खुणा करू लागल्या, हे काय बोलून बसले म्हणून. गोविंदराव ढिम्म होते. खुर्चीवर जाऊन बसले आणि मिलिंदपुढे हात जोडून पुन्हा पार्वताबाईंकडेच बोट दाखवलं.

"काकू, काय वाटतं?" मिलिंदनं विचारलं.

"ह्यायचं म्हणणं असं हाये का..." पार्वताबाईंच्या तोंडून निघालं आणि त्या थांबल्या. हात शर्टाला पुसले. "मले हे इंजिन मेलेलं नाई वाटत. मेलेलं इंजिन सारखं वाईट चालते. हे मदी मदी चांगलं चालून राह्यलं. पन नुसतं वाटून काय होते बाप्पा. आठ दिवस द्या मले."

मिलिंदनं वडिलांकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "दहा घ्या बाई. पण दसऱ्याला मला नागपूरला जायचं आहे."

इथून माझाही थोडा हात लागला. गाडीचं पुस्तक जपानीत होतं, पण त्यात चित्रं भरपूर होती. पार्वताबाई म्हणाल्या, आकडे अन् अक्षरं राहू द्या, चित्रं मोठी करून द्या. मी शाळेतून आल्यावर खाकी कागदावर ती चित्रं मोठी काढली. एका पुठ्ठ्यातून इंजिनाच्या पोटाचा लंबगोल कापला आणि दुसऱ्यातून फुगीर बाजूंचा त्रिकोण. मिलिंदनं तो कसा फिरतो ते दाखवलं. पार्वताबाई जमिनीवर बसून बोटानं तो त्रिकोण फिरवत राहिल्या. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं.

"हे खालीवर जातच नाई," त्या म्हणाल्या. "जात्यासारखं हाये. पन कोपरे कदीच भिंत सोडत नाईत." मग जरा वेळानं, "कोपऱ्यावर काहीतरी असन. नाईतर इकडली हवा तिकडं पळन."

मिलिंदनं चित्रात दाखवलं. प्रत्येक कोपऱ्यात एक बारीक पट्टी होती. पार्वताबाईंनी मान हलवली. "मंग गोष्ट एवढीच हाये. ह्या पट्ट्या तुटल्या असतीन तर नागपूरवाले खरे. शाबूत असतीन तर आपन पाहून घेऊ."

पट्ट्या पाहायच्या म्हणजे इंजिन फोडायचं, आणि एकदा फोडलं तर जोडायला सामान नाही. पण मिलिंदला तिकडचं एक आठवलं. गोळ्याला तीन बाजू, म्हणून प्लगच्या भोकातून हवेच्या तीन फुंकरा यायला हव्यात, एकामागून एक, सारख्या जोराच्या. एखादी पट्टी गेली तर फुंकरा लंगड्या येतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी करंटच्या वायरी काढून ठेवल्या, पुढच्या गोळ्याच्या घरातला प्लग काढला आणि मिलिंदनं चावी फिरवून इंजिन नुसतं घुमवलं. पार्वताबाईंनी भोकापुढे तळवा धरला.

फस्स, फस्स, फस्स. फस्स, फस्स, फस्स. मला तीन हात लांबूनही ऐकू येत होतं. पार्वताबाईंनी डोळे मिटले होते. मग मागचं घर. तिथंही तशाच.

त्यांनी जाऊन गोविंदरावांना खुर्चीवरून उठवून आणलं आणि त्यांचा हात धरून भोकापुढे ठेवला. मिलिंदनं पुन्हा चावी फिरवली. गोविंदराव कपाळाला आठ्या घालून उभे होते. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दुसऱ्या हाताची तीन बोटं वर केली आणि म्हणाले, "तिन्ही बराबर." दहा वर्षांत इंजिनाबद्दल त्यांनी स्वतः ओळखून सांगितलेली ती पहिली गोष्ट असावी. पार्वताबाईंनी त्यांच्या सदऱ्यावर उडालेली काजळी झटकली आणि आणखी पसरवली.

म्हणजे इंजिन चांगलं होतं. दुखणं बाहेर होतं. बाहेर म्हणजे तरी कुठं? त्या इंजिनाभोवती शेवयांसारख्या बारीक रबरी नळ्यांचं जाळं होतं. त्या काढून परत लावताना घोळ होऊ नये म्हणून मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिठ्ठी बांधली. लाल, पिवळी, निळी, मग लालावर ठिपका, पिवळ्यावर रेघ. माझ्याकडचे रंग संपत आले तेव्हा नळ्या संपल्या.

मग रिठ्याचा फेस आणि माझा ब्रश. गाडी सुरू ठेवून पार्वताबाई सांध्यासांध्यावर फेस लावत गेल्या. उन्हानं रबर कडक होऊन तडकलं होतं. एका ठिकाणी फेस आत ओढला गेला आणि थरथर क्षणभर थांबली, तशी दुसऱ्या ठिकाणी, तिसऱ्या ठिकाणी. टर्बोकडून येणाऱ्या जाड नळीचं मात्र उलट. गाडी रेस केली की तिथं फेस आत न जाता बाहेर फुगे येत. "काही जागी चोरून पेते, अन् इथं कोंबलेलं सांडून राह्यलं," त्या म्हणाल्या. बारीक नळ्यांच्या जागी स्कूटरच्या पेट्रोलची नळी बसली, जाड नळीच्या जागी ट्रॅक्टरच्या रेडिएटरची, कापून, दोन्हीकडून क्लिपा आवळून.

तेलाचा शोध घ्यायला त्या गाडीखाली एक अख्खा रविवार पडून होत्या. टर्बोला तेल जातं आणि एका नळीनं परत येतं, त्या परतीच्या नळीचं पॅकिंग जळून गेलं होतं. तेल थेंबथेंब तापलेल्या पाइपावर पडायचं आणि धूर व्हायचा. नागपूरकरांनी तोच धूर पाहून इंजिन गेलं म्हटलं असणार. तिथं कागदाचं पॅकिंग टिकणार नव्हतं. पार्वताबाई घरात गेल्या आणि जुना, फुटका, पाणी भरायचा तांब्याचा गुंड घेऊन आल्या. त्यांच्या आईनं लग्नात दिलेला. त्याच्या बुडाचा तुकडा कापला, लाल होईपर्यंत तापवला, पाण्यात बुडवला. तांबं असं केल्यावर मऊ पडतं आणि सांध्यात चपखल बसतं. मी म्हटलं, "आईचा गुंड होता ना?"

"फुटकाच होता," त्या म्हणाल्या. "अन् मायच म्हणायची, वस्तू कामी आली पाह्यजे."

एवढं होऊनही मागून थोडा निळा धूर राहिलाच. पार्वताबाईंनी मला चित्र पुन्हा आणायला लावलं. त्यात एक छोटा पंप होता आणि त्यातून इंजिनाच्या पोटात तुटक रेघा गेल्या होत्या. म्हणजे हे इंजिन थोडं तेल मुद्दामच पितं, पट्ट्या घासू नयेत म्हणून. मिलिंदनं कपाळाला हात लावला. विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं, तेल पाहत जा, भरत जा. तो विसरला होता. "पेऊ द्या त्याले," पार्वताबाई म्हणाल्या. "तुमी फक्त भरत जाजा. अन् शेडमधून दोन हात बाहेर काढासाठी सुरू करून लगेच बंद करू नका. प्लग ओले होतेत."

चारही प्लग घासून बसवले आणि नवव्या दिवशी संध्याकाळी मिलिंदनं चावी फिरवली. गाडी सुरू झाली, थोडी गुरगुरली आणि मग अशी शांत झाली की आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. गोविंदराव उठून आले, त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसेच थांबले. मग नाराजीनं म्हणाले, "बंद काऊन केली?"

गाडी चालूच होती. त्यांना खुणेनं सांगितलं तरी पटेना. शेवटी मिलिंदनं त्यांना मागे नेऊन धुराड्यापुढे हात धरायला लावला. गुरुजी एका बाजूला उभे राहून चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

नवमीला गॅरेजमध्ये पाने-पकडींची पूजा झाली आणि दसऱ्याला सकाळी गाडी निघाली. पुढे मिलिंद आणि गुरुजी, मागे मिलिंदची आई, गोविंदराव आणि पार्वताबाई. पार्वताबाई यायला तयार नव्हत्या, पण गुरुजी म्हणाले, तुम्ही नसाल तर मीही एस.टी.नं जातो. पुढचं मला मिलिंदनं सांगितलं. सेलूपर्यंत पार्वताबाई मान तिरकी करून नुसत्या ऐकत होत्या. सेलूला त्यांनी गाडी थांबवायला लावली.  त्या उतरल्या, वाकून खाली पाहिलं, जिथं थेंब पडला असता तिथं वाकडा हात घालून चाचपलं, आणि कोरडं बोट सगळ्यांना दाखवून परत आत बसल्या. "चाला," म्हणाल्या. आणि सेलू सोडून दोन मैल गेले नसतील, त्यांना झोप लागली. थेट नागपूर येईपर्यंत.

नागपूरला गर्दीच्या बरंच अलीकडे गुरुजींनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मिलिंद म्हणाला, "बाबा, अजून पुढं नेता येईल." गुरुजी उतरून चप्पल नीट करत म्हणाले, "इथवर गाडीनं आलो, झालं. तिथं मी चालतच जाणार." आणि मिलिंदच्या आईचा हात धरून लोकांमध्ये मिसळून गेले. नऊ दिवस ज्या गाडीसाठी सगळे खपले, ती मैलभर मागेच उभी राहिली. पार्वताबाईंना ते फार आवडलं. परत आल्यावर मला त्यांनी नागपूरचं एवढंच सांगितलं.

यानंतर सगळं बदललं असं म्हणता येणार नाही. नव्या गाड्यांची माणसं, वर्ध्या-हिंगणघाटाहून येणारी, सरळ पार्वताबाईंना विचारू लागली. जुनी गिऱ्हाइकं मात्र खुर्चीसमोरच उभी राहून सांगत राहिली आणि गोविंदराव "बरं, पाहू" म्हणत राहिले. पार्वताबाईंनाही दोन्ही चालायचं. कधी "मले वाटते" म्हणायच्या, कधी "ह्यायचं म्हणणं". एकदा मी विचारलं, हे कधी नि ते कधी, कसं ठरवता? त्या हसून म्हणाल्या, "जिथं चूक व्हाची भीती हाये तिथं ह्यायचं म्हणणं."

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी बदली आर्वीला झाली. सामान आधीच टेंपोनं गेलं होतं. मी पिशवी घेऊन स्टँडवर आलो तर निरोप द्यायला गुरुजी आले होते, गोविंदराव आले होते आणि पार्वताबाई फडक्यात भाकरी बांधून घेऊन आल्या होत्या. मी बसमध्ये बसल्यावर ती त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिली. "येत जाजा मास्तर," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही.

एवढ्यात ड्रायव्हरनं बस सुरू केली. पार्वताबाईंची मान तिरकी झाली. त्या माझ्या खिडकीपासून मागे गेल्या, बसच्या मागच्या चाकाशी वाकल्या, मग पदर खोचत लगबगीनं पुढे ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि हात वर करून त्याला काहीतरी सांगू लागल्या. ड्रायव्हर आधी वैतागला, मग खाली वाकून ऐकू लागला. कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली तरी त्या तिच्यासोबत चालत चालत बोलतच होत्या. मी खिडकीतून हात काढून हलवत राहिलो. गुरुजींनी हात हलवला, गोविंदरावांनी टोपी काढून हलवली. पार्वताबाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या होत्या आणि लांब जाणाऱ्या इंजिनाकडे कान लावून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.